पोस्टकार्डाचा मुराळी

लेक टेक्ससच्या वेको गावातल्या बेलर युनिव्हर्सिटीत शिकायला गेली, त्या वर्षीच्या ऑक्टोबरात मी आईला फोनवर सांगितलं, "शनिवारी आम्ही वेकोला चाललोय. तिच्याकडे होमकमिंग आहे." आई नगरला असते. ऐंशी उलटलीय, एका कानाने कमी ऐकू येतं. होमकमिंग म्हणजे काय, ते मला दोनदा ओरडून सांगावं लागलं. शिकून गेलेली माणसं वर्षातनं एकदा परत येतात, मिरवणूक निघते, सामना होतो, जेवणावळी होतात, रात्री होळीसारखा जाळ करतात. आई जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे माहेरपणच की गं. पण त्यांना आणायला कोण जातं?"

आधी मला हसू आलं. पण फोन ठेवल्यावर तो प्रश्न काही डोक्यातनं जाईना. तिच्या पिढीतली सासुरवाशीण आपल्या मनाने माहेरी निघत नसे. भाऊ, चुलतभाऊ, अगदीच कोणी नसलं तर घरचा जुना गडी, कोणीतरी मुराळी म्हणून यायचा तेव्हा ती निघायची. आम्ही ख्रिस्ती, मिशनच्या कंपाउंडात वाढलेले, पण मुराळ्याच्या बाबतीत चार घरांसारखेच. आई दिवाळीला नाही तर नाताळाला माहेरी जायची, एवढाच फरक. पिशवी दोन दिवस आधी भरलेली असायची, पण मामा दारात उभा राहीपर्यंत ती उंबरा ओलांडायची नाही. एका वर्षी मामाला मनमाडला गाडी चुकली. आम्ही नाताळच्या सकाळची उपासना आमच्याच चर्चमध्ये केली, आणि आई दिवसभर कोणाशी बोलली नाही.

तर बेलरच्या मुलांना आणायला कोण जातं? मी राउंड रॉकच्या सार्वजनिक वाचनालयात आठवड्यातले तीन दिवस काम करते. टेक्ससबद्दलची पुस्तकं हाताशी असतात आणि दुपारी वाचक कमी. उत्तर सापडलं ते असं: १९०९ साली पहिल्यांदा पोस्टकार्ड गेलं. बेलरहून जुन्या विद्यार्थ्यांना पोस्टकार्डं गेली, की थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत वेकोला या, जुने सोबती भेटतील, हातात हात घेता येईल, जुन्या गोष्टी निघतील. २४ आणि २५ नोव्हेंबर, बुधवार आणि गुरुवार. परेड झाली, भाषणं झाली, वर्गावर्गाची संमेलनं झाली, जाळ झाला, आणि गुरुवारी फुटबॉलचा सामना.

सगळ्यात पहिलं होमकमिंग कुणाचं, यावर अमेरिकेत वाद आहेत, आपल्याकडे पहिला सार्वजनिक गणपती कुणाचा यावर असतात तसे. मिझुरीवाले १९११ सांगतात. तिथल्या क्रीडाप्रमुखाने जुन्या मुलांना 'घरी या' म्हणून कॅन्ससविरुद्धच्या सामन्याला बोलावलं आणि सामना ३-३ असा बरोबरीत सुटला. इलिनॉयवाले १९१० वर अडून बसतात. बेलरचं १९०९ या दोघांच्याही आधीचं. पण माझ्या घरापासून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर जॉर्जटाउन आहे. तिथली मेथडिस्टांची साउथवेस्टर्न युनिव्हर्सिटी म्हणते, आमचं त्याच १९०९ चं, पण एप्रिलमधलं, २१ तारखेचं. टेक्ससने मेक्सिकोविरुद्धची निर्णायक लढाई जिंकली तो सान जासिंटोचा दिवस. एक बॅप्टिस्ट, एक मेथडिस्ट, आणि मध्ये सात महिने. मी काँग्रिगेशनल मिशनच्या घरातली, त्यामुळे या भांडणात मला तटस्थ राहता येतं.

माझं मत विचाराल तर दोघांनीही ही कल्पना आपल्या डोक्यातनं काढलेली नाही. न्यू हॅम्पशरचा गव्हर्नर फ्रँक रॉलिन्स याने १८९९ मध्येच 'ओल्ड होम वीक' सुरू केला होता. डोंगराळ खेड्यांतली तरुण पोरं शहरात आणि पश्चिमेला निघून गेली होती, शेतं ओस पडली होती. रॉलिन्सने हाक दिली, आठवडाभर गावी या. आल्यावर गावाच्या वाचनालयाला, रस्त्याला चार पैसे द्या, जमलं तर एखादं पडीक घर विकत घ्या, हा हिशोबही त्यात होताच. कोकणातले लोक गणपतीला आणि शिमग्याला मुंबईकरांची वाट पाहतात, त्यांना हे वेगळं सांगायला नको. आणि अमेरिकेच्या दक्षिणेतल्या बॅप्टिस्ट मंडळ्यांत तर अजूनही होमकमिंगचा रविवार असतो. गाव सोडून गेलेली कुटुंबं त्या दिवशी जुन्या चर्चला येतात, उपासनेनंतर अंगणात झाडाखाली घरोघरचे डबे उघडले जातात. कॉलेजांनी या दोन्ही गोष्टी घेतल्या आणि त्यात फुटबॉल घातला. पूर्वेकडच्या जुन्या कॉलेजांत, येल, प्रिन्स्टन वगैरे, माजी विद्यार्थी पदवीदानाच्या वेळी उन्हाळ्यात जमत. शरद ऋतूत, सामन्याच्या निमित्ताने बोलवायचं, ही रीत टेक्सस-मिझुरीकडची.

हे सगळं ठीक. पण बेलरच्या पोस्टकार्डात मला खरं अडकवलं ते 'घर' या शब्दाने. कारण १९०९ साली ज्यांना वेकोला घरी बोलावलं गेलं, त्यांतल्या म्हाताऱ्यांचं घर वेकोत कधी नव्हतंच.

बेलरला सनद मिळाली १ फेब्रुवारी १८४५ ला. तेव्हा टेक्सस हा अमेरिकेचा भाग नव्हता, स्वतंत्र देश होता. त्या देशाच्या काँग्रेसने बॅप्टिस्टांना ही युनिव्हर्सिटी काढायची परवानगी दिली, आणि न्यायाधीश आर. ई. बी. बेलर यांचं नाव तिला मिळालं. गाव होतं इंडिपेन्डन्स. पुढच्या वर्षी चोवीस विद्यार्थ्यांवर वर्ग सुरू झाले. काही वर्षांनी मुलांचा विभाग वेगळा, मुलींचा वेगळा, दोन टेकड्यांवर. मुलांचा प्रमुख रूफस बर्लसन, मुलींचा होरेस क्लार्क, आणि दोघांचं एकमेकांशी पटेना. शेवटी १८६१ मध्ये बर्लसन आपले शिक्षक आणि शेवटच्या वर्षाची मुलं घेऊन सरळ वेकोला निघून गेला आणि तिथल्या कॉलेजाचा प्रमुख झाला. एका भांडणासाठी अख्खा वर्ग उचलून नेणारा प्राचार्य मी दुसरा ऐकला नाही.

मग आली रेल्वे, म्हणजे आलीच नाही. ती इंडिपेन्डन्सला वळसा घालून गेली. ज्या गावाला स्टेशन नाही तिथे मुलं कशाला येतील? १८८६ मध्ये बेलरने गाव सोडलं आणि वेकोच्या युनिव्हर्सिटीत विलीन होऊन तिलाच बेलर हे नाव दिलं. मुलींचं कॉलेज बेल्टनला गेलं, ते आजही वेगळ्या नावाने चालू आहे. इंडिपेन्डन्सच्या टेकडीवर उरले दगडी खांब. आता बेलरची नवी मुलं वर्ग सुरू व्हायच्या आधी शिबिराला जातात, तेव्हा त्यांना तिथे नेतात आणि त्या खांबांमधून चालवतात. लेकीने फोटो पाठवला होता. मोकळं आकाश, गवत, चार खांब, आणि मधून उन्हाने लाल झालेली पोरं. ते खांब मुलींच्या इमारतीचे आहेत, हे तिला मी सांगितलं. शिबिरात कोणीतरी सांगितलंही असेल, पण अठराव्या वर्षी कोण ऐकतं.

आजोबांचा नगरचा वाडा विकला तेव्हा मामा केडगावला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये गेला. आई त्या फ्लॅटला पहिल्या दिवसापासून 'माहेर' म्हणाली. मी तेव्हा कॉलेजात होते, मला ते खोटं वाटायचं. ना तिथे तिची खोली, ना ते लिंबाचं झाड. १९०९ चे ते पांढऱ्या मिशांचे बेलरवाले डोळ्यांसमोर आणते, आणि आता वाटत नाही. त्यांनी ज्या फळ्यावर गणितं केली तो फळा शंभरेक मैलांवर कुठेतरी पडून सडला होता. पण न्यायला मामा आला की जिथे नेईल ते माहेर.

आले ते बहुतेक रेल्वेनेच आले असणार, कारण त्या काळी टेक्ससमध्ये लांबचा प्रवास म्हणजे रेल्वे. वेको हे कापसाचं गाव, ब्रॅझस नदीवर १८७० सालचा झुलता पूल, चहूकडून येणाऱ्या लाइनी. सामना होता टेक्सस ख्रिश्चन युनिव्हर्सिटीशी, आणि ही युनिव्हर्सिटीही तेव्हा वेकोतच होती. एकाच गावात दोन ख्रिस्ती विद्यापीठं, एका मैदानावर. बेलर ६-३ ने जिंकलं. चार महिन्यांनी, मार्च १९१० मध्ये, हरलेल्यांची मुख्य इमारत जळून खाक झाली. फोर्ट वर्थ शहराने त्यांना जागा आणि पैसे देऊ केले, आणि तेही घर हलवून गेले. आज टेक्सस ख्रिश्चन म्हटलं की फोर्ट वर्थच.

एवढं गाजलेलं होमकमिंग, पण दुसरं लगेच पुढच्या वर्षी झालं असेल असं समजू नका. दुसरं झालं १९१५ मध्ये. रूढी म्हणून ज्या गोष्टी आपण डोक्यावर घेतो, त्यांची सुरुवात बरेचदा अशी धरसोडीची असते.

इथे मला एका दुसऱ्या पोस्टकार्डाबद्दल सांगावं लागेल. वाचनालयात ते पुस्तक मी दोन दिवस टेबलावर पालथं ठेवलं होतं. १५ मे १९१६ ला, म्हणजे दुसऱ्या होमकमिंगनंतर वर्षभराच्या आत, वेकोच्या नगरभवनासमोर जेसी वॉशिंग्टन या सतरा वर्षांच्या काळ्या शेतमजुराला जमावाने जिवंत जाळलं. न्यायालयाने शिक्षा सुनावून काही मिनिटंच झाली होती, आणि बघायला हजारो माणसं जमली होती. गावातल्या एका धंदेवाईक फोटोग्राफरने फोटो काढले आणि त्यांची पोस्टकार्डं झाली. लोकांनी ती नातेवाइकांना पाठवली. त्याच गावात, त्याच टपाल कचेरीतून 'घरी या' ही पोस्टकार्डं गेली होती. मी दोन्हींचा संबंध लावत नाही. दोन्ही कार्डांना तेच तिकीट लागलं, एवढंच मनातून जात नाही.

आणि ज्यांना घरी बोलवायचं कार्ड जाऊच शकत नव्हतं त्यांचं काय? बेलरच्या विश्वस्तांनी काळ्या विद्यार्थ्यांना प्रवेश द्यायचा ठराव केला १९६३ च्या नोव्हेंबरात. रॉबर्ट गिल्बर्ट आणि बार्बरा वॉकर या दोघांनी १९६७ मध्ये पदव्या घेतल्या, बेलरचे पहिले काळे पदवीधर. म्हणजे १८४५ पासून १२२ वर्षं. मधल्या काळात काळी माणसं त्या आवारात नव्हती असं नाही. संस्थापक न्यायाधीश बेलर स्वतः गुलामांचे मालक होते, पहिले विश्वस्त बहुतेक तसेच. हे युनिव्हर्सिटीने २०२० मध्ये ठराव करून मान्य केलं. गिल्बर्ट आणि वॉकर यांचे पुतळे २०२३ मध्ये उभे राहिले. लेक जिथून बायबलच्या तासाला जाते तिथेच, टिडवेल इमारतीसमोर आहेत. बेलरमध्ये प्रत्येकाला ख्रिस्ती धर्मग्रंथाचा अभ्यासक्रम घ्यावाच लागतो, मग तो हिंदू असो की नास्तिक. तिच्या वर्गात एक पुण्याची ब्राह्मण मुलगी आहे. लेकीच्या म्हणण्याप्रमाणे जुन्या करारात तिचे मार्क सगळ्यांत जास्त.

आता राउंड रॉक. मी हे सगळं वाचायला का बसले, याचं दुसरं कारण माझ्या दाराशी आहे. आमच्या घराकडून वाचनालयाकडे जाताना मेज स्ट्रीटवर रेल्वेवरचा पूल लागतो. नऊ वर्षं मी त्यावरून गाडी नेत होते. खाली मालगाडी असली तर लेक लहानपणी डबे मोजायची. दौंड-मनमाड लाइनवर मी मोजायचे तशी. पूल कशासाठी झाला, हे कधी विचारलं नाही.

२२ जानेवारी १९२७ ला, शनिवारी, बेलरचा बास्केटबॉलचा संघ बसने ऑस्टिनला निघाला होता, टेक्सस युनिव्हर्सिटीशी खेळायला. खेळाडू आणि सोबत काही दुसरी मुलं. पावसाची रिपरिप चालू होती. राउंड रॉकमध्ये रेल्वेच्या फाटकाशी, जिथे तेव्हा पूल नव्हता, 'सनशाइन स्पेशल' नावाची गाडी बसवर आदळली. दहाजण गेले. एब केली नावाच्या खेळाडूने शेजारच्या सोबत्याला, वियर वॉशमला, खिडकीतून बाहेर ढकललं. वॉशम वाचला, केली वाचला नाही. बेलरमध्ये त्यांना 'अमर दहा' म्हणतात.

त्यानंतर रूळ आणि रस्ता वेगळे करण्यासाठी तिथे पूल बांधला गेला. २०१७ मध्ये, नव्वद वर्षं झाली तेव्हा, शहराने त्या पुलाला त्या दहाजणांचं नाव दिलं. आता मी पुलावर आले की गाडी आपोआप हळू होते, मागच्याने हॉर्न दिला तरी.

होमकमिंगच्या आठवड्यात गुरुवारी रात्री वेको हॉलमध्ये सभा भरते. नव्या मुलांना त्या दहाजणांची गोष्ट सांगतात आणि एकेक नाव पुकारतात. लेक त्या रात्री साडेअकराला फोनवर बोलली, आवाज बसलेला. "आई, तो पूल आपल्याकडचा आहे हे मी मुलींना सांगितलं तर कोणाला खरंच वाटेना." त्या हॉलमध्ये चौदा-पंधराशे किलोमीटरवरून आलेली पोरं होती. आणि त्या गोष्टीतल्या गावाहून आलेली एकटी ती, आई नगरची, बाबा साताऱ्याचे.

परेड शनिवारी सकाळी. आम्ही पहाटे साडेचारला निघालो, नव्वद मैल, थर्मासमध्ये चहा, डब्यात मेथीचे ठेपले. वेकोच्या ऑस्टिन ॲव्हेन्यूवर लोकांनी आदल्या रात्रीच खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. आपल्याकडे पालखीच्या वाटेवर सतरंज्या टाकतात तशा. आम्ही उभे राहिलो. माझ्याकडे बघून एका आजोबांनी शेजारची घडीची खुर्ची पुढे सरकवली. काळे गृहस्थ, सत्तरीच्या पुढचे, हिरवा कोट. पहिलाच प्रश्न, "तुमचं साल कुठलं?"

तिथे सगळे एकमेकांना असंच विचारतात. नावाच्या आधी साल. मी म्हटलं, मला साल नाही, लेक पहिल्या वर्षाला आहे. त्यांचं १९७२. आमच्यासमोरून एकेक सजवलेला रथ जात होता. फ्लोट म्हणतात त्यांना, तारेच्या जाळीत कागदी फुलं खोचून केलेले, कॉलेजातल्या मंडळांनी आठवडे-आठवडे रात्री जागून. मी विचारलं, दर वर्षी येता का? ते म्हणाले, पदवी घेतल्यावर पन्नास वर्षं पाऊल ठेवलं नाही. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पत्रं यायची, मासिक यायचं, देणगीची फॉर्मं तर न चुकता यायची. "कागद येत होते," ते म्हणाले, "माणूस कोणी आलं नव्हतं." मग त्यांच्या नातीला बेलरमध्ये प्रवेश मिळाला, आणि पहिल्या होमकमिंगला ती डॅलसपर्यंत येऊन त्यांना गाडीत घालून घेऊन आली. मी त्यांना मुराळी हा शब्द सांगितला. त्यांनी तीन वेळा म्हणून पाहिला, 'ळ' काही जमला नाही.

मग पिवळ्या जर्सीतली पोरं धावत गेली. पहिल्या वर्षाची मुलं सामन्यापूर्वी मैदानावर धावतात, त्यांना 'बेलर लाइन' म्हणतात. प्रत्येकाच्या पाठीवर पदवी मिळणार ते साल. आजोबा उठून उभे राहिले आणि गर्दीत नातीला शोधू लागले, मी माझीला. दोघांनाही सापडल्या नाहीत.

'बेलर लाइन' हे माजी विद्यार्थ्यांच्या मासिकाचंही नाव आहे, १९४६ पासून. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये वाटायला ठेवलेले तीन-चार जुने अंक आजोबांनी मला दिले. मी मागून वाचायला सुरुवात केली. आमच्या घरी 'ज्ञानोदय' असाच वाचायचे. १८४२ साली नगरातच निघालेलं हे पत्र आमच्या आजीच्या उशाशी असायचं. आजी अग्रलेख कधी वाचायची नाही. कुठल्या मंडळीत कोणाचा बाप्तिस्मा झाला, कोणाचं लग्न लागलं, कोण प्रभूच्या घरी गेलं, तेवढं बोट ठेवून वाचायची आणि मोठ्याने सांगायची, "अगं, वडाळ्याची सुमती गेली." बेलरच्या मासिकात तसंच एक सदर असतं, सालवार. १९४८, १९५३, १९६१. कोणाला नातू झाला, कोण निवृत्त झालं, कोण सिॲटलला राहायला गेलं. तुमचं साल दर वर्षी पानाच्या वरच्या टोकाकडे सरकत जातं. आणि मग एखाद्या अंकात तुमचं नाव त्या सदरात नसतं, शेवटच्या पानावर असतं.

या मासिकाची आणि युनिव्हर्सिटीची पुढे भांडणं झाली, कोर्टापर्यंत. माजी विद्यार्थ्यांची संघटना जुनी, १८५९ ची, स्वतंत्र बाण्याची, प्रशासनावर टीका करायची. २०१२ मध्ये नवं स्टेडियम नदीकाठी बांधायचं ठरलं. तिकडे जाणाऱ्या पुलासाठी २०१३ मध्ये त्या संघटनेची आवारातली इमारत पाडली गेली. त्याच वर्षी संघटनेने युनिव्हर्सिटीत विलीन व्हावं का, यावर मतदान झालं. दोन तृतीयांश मतं हवी होती, तेवढी पडली नाहीत. २०१६ मध्ये तडजोड झाली, संघटनेला नाव बदलावं लागलं, मासिक मात्र तिच्याकडे राहिलं. एवढ्या वर्षांचं लेकीबाळींचं माहेर, आणि त्यात भावजयीने खोली पाडून गाडी लावायला जागा केली, असं मी आईला समजावलं. आईला लगेच कळलं.

आणखी एक फरक आईला कळला नाही तो मला कळला. आपल्याकडे माहेरी आलेल्या लेकीची ओटी भरतात. इथे आलेली लेक माहेरची ओटी भरते. ते स्टेडियम ज्यांच्या नावाचं आहे ते ड्रेटन मक्लेन हे १९५८ चे बेलरवाले. वर्गाच्या जेवणाच्या टेबलावर देणगीचं पाकीट ठेवलेलंच असतं, बशीच्या डाव्या बाजूला. रॉलिन्सचा हिशोब अजून चालू आहे.

बाकीचं पटकन सांगते, कारण ते कोणीही सांगेल. बेलरच्या आवारात खरीखुरी अस्वलं पाळतात. पहिलं अस्वल पहिल्या महायुद्धाच्या वेळी इथल्या छावणीतल्या सैनिकांकडून पत्त्यांच्या पोकरमध्ये जिंकून आलं असं सांगतात. बॅप्टिस्ट युनिव्हर्सिटीचं बोधचिन्ह जुगारातून आलं, हे मला फार आवडलं. पत्ते चालले, नाच मात्र नाही. आवारात पहिला नाच १९९६ मध्ये झाला, स्थापनेनंतर १५१ वर्षांनी, आणि अध्यक्ष आपल्या बायकोबरोबर सगळ्यांच्या आधी नाचले. डॉक्टर पेपर नावाचं पेय १८८५ मध्ये वेकोच्याच एका औषधाच्या दुकानात तयार झालं. बेलरमध्ये दर मंगळवारी ते आइसक्रीम घालून फुकट मिळतं. नवऱ्याने ते प्यायलं आणि म्हणाला, खोकल्याच्या औषधात कुल्फी.

आता आमच्याकडचं. मी ज्या शाळेत शिकले तिथे मागच्या वर्षी मोठा मेळावा झाला. मुलींची मिशनची शाळा, नाव लिहीत नाही. मला मेळावा झाल्यावर चौथ्या दिवशी कळलं, फोटो आले तेव्हा. मी ग्रुपवर विचारलं, तर उत्तर आलं, "अगं, सगळ्यांना ग्रुपवरच सांगितलं होतं, तू कधी बघतच नाहीस." खरं असेल. दिवसाला दोनशे शुभ सकाळ येतात, त्यात ते वाहून गेलं असेल. फोटोत पन्नासेक बायका एकाच रंगाच्या साड्या नेसून पायऱ्यांवर उभ्या होत्या. मागे ती घंटा, तोच पिंपळ. मी दोन बोटांनी फोटो मोठा करत करत एकेक चेहरा बघत होते, आणि मग मला आजोबांचं ते वाक्य आठवलं, कागद येत होते, माणूस कोणी आलं नव्हतं. मी त्यांना निदान इतकं तरी म्हणायला हवं होतं, की आमच्याकडे आता कागदही येत नाही.

होमकमिंगच्या रात्री परत येताना लेक आमच्याबरोबर नव्हती, ती मैत्रिणींकडे राहिली. साडेदहाच्या सुमाराला आम्ही राउंड रॉकला उतरलो, मेज स्ट्रीटने आलो. पुलाखालून मालगाडी चालली होती. नवऱ्याने न सांगता गाडी कडेला घेतली. मी डबे मोजले. नव्वदच्या पुढे गेल्यावर हिशोब चुकला.

घरी पोचते तो लेकीचा मेसेज. परेडमध्ये ती आमच्या समोरूनच गेली होती म्हणे, हात करत होती, आम्ही भलतीकडे बघत होतो. खाली आणखी एक ओळ: थँक्सगिव्हिंगला घरी यायचंय, हॉस्टेल बुधवारी दुपारी बंद होतं, न्यायला कोण येतंय?